धुळ्याचा एमपॉक्स, म्हशीच्या देवी आणि इसब असलेली त्वचा

ऑक्टोबर २०२५ मध्ये धुळ्यात एमपॉक्सचा रुग्ण सापडल्याची बातमी आली. आखातातून परतलेल्या एका व्यक्तीला अंगावरच्या पुरळामुळे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केलं होतं. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत गेले आणि निदान पक्कं झालं. महाराष्ट्रात नोंदलेला हा पहिला रुग्ण, असं सांगितलं गेलं. त्यानंतर जळगाव-धुळ्याकडच्या अनेक मोबाईलवर फोडांचे फोटो फिरू लागले. त्यातले बरेचसे परदेशातले आणि जुने होते.

बातमी वाचून काही घरांना जास्त धास्ती वाटली. ज्या घरात इसब असलेलं मूल आहे, ज्यांच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत वर्षानुवर्षं खाज आणि चट्टे आहेत, त्यांचा प्रश्न साधा असतो: "डॉक्टर, आमची कातडी आधीच फुटलेली आहे. आम्हाला हे लवकर होईल का?"

प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर मात्र बातमीत सापडणार नाही, कारण ते एमपॉक्सपेक्षा तुमच्या त्वचेबद्दल जास्त आहे. इसबाच्या त्वचेत काही ठराविक विषाणूंना सहज शिरकाव मिळतो, हे खरं आहे. पण खानदेशातल्या इसबाच्या रुग्णाला ज्या विषाणूपासून आज खरा धोका आहे, तो विमानाने येत नाही. तो बहुधा आधीच घरात असतो, कुणाच्या तरी ओठावर.

त्वचेचं दार सैल का असतं

इथे इसब म्हणताना आपण ॲटोपिक डर्माटायटिस या प्रकाराबद्दल बोलतोय. लहानपणी सुरू होणारा, कोरड्या त्वचेचा, खाजेचा, घरात कुणाला दमा किंवा सततची सर्दी-शिंका असलेला हा आजार. गजकर्ण म्हणजे इसब नव्हे, ती बुरशी आहे. खरूजही इसब नव्हे. ही गल्लत औषधाच्या दुकानात रोज होते, म्हणून आधीच सांगितलं.

निरोगी त्वचेचा वरचा थर हा विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्यं म्हणजे चुना. इसबाच्या अनेक रुग्णांत फिलॅग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी असतं आणि स्निग्ध द्रव्यंही अपुरी असतात. मग भिंतीतून पाणी बाहेर जातं आणि नको ते आत येतं. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्याची कोरडी थंडी असते. दोन्ही ऋतू या भिंतीला वाईटच.

पण नुसती भिंत हे कारण पुरेसं नाही. खरचटलेल्या, भाजलेल्या त्वचेचीही भिंत तुटलेली असते. दुसरं कारण भिंतीआतल्या पहारेकऱ्यांचं आहे.

आपल्या रोगप्रतिकारक यंत्रणेत साधारण दोन प्रकारची कुमक असते. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारायच्या असतील तर एक प्रकारचे संदेश जातात, त्यात इंटरफेरॉन हा मुख्य. जंत किंवा ॲलर्जीच्या वेळी दुसऱ्या प्रकारचे संदेश जातात, त्यांत इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ मुख्य. इसबाच्या त्वचेत या दुसऱ्या बाजूचं पारडं कायम जड असतं. म्हणजे प्रतिकारशक्ती "कमी" नसते, ती चुकीच्या कामात गुंतलेली असते. पोलीस भरपूर आहेत, पण सगळे एकाच चौकात उभे, असं काहीसं. त्यामुळे "याची इम्युनिटी वाढवायला काहीतरी लिहून द्या" ही मागणी इथे लागूच पडत नाही. इम्युनिटी वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि काढे हे पारडं फिरवत नाहीत.

आणखी एक गोष्ट. त्वचा स्वतःही जंतुनाशक द्रव्यं बनवते. त्यातलं कॅथेलिसिडिन म्हणजेच एलएल-३७ हे विषाणूंनाही मारतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सोरायसिसची त्वचा आणि इसबाची त्वचा यांची तुलना केली. दोन्ही लाल, दोन्ही सुजलेल्या. पण सोरायसिसच्या त्वचेत ही द्रव्यं मुबलक होती आणि इसबाच्या त्वचेत फारच कमी. सोरायसिसच्या चट्ट्यांत जंतुसंसर्ग क्वचित होतो आणि इसबाच्या चट्ट्यांत वारंवार, याचं हे एक मोठं कारण. पुढच्या अभ्यासांत दिसलं की इंटरल्युकिन-४ आणि १३ हीच द्रव्यं या जंतुनाशकाचं उत्पादन दाबतात आणि अशा त्वचेत देवीच्या गोत्रातला विषाणू जोमाने वाढतो.

त्यात भर म्हणून इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस नावाचे जिवाणू मोठ्या संख्येने ठाण मांडून असतात. त्यांच्या विषामुळे नागीण-गोत्रातल्या विषाणूंना पेशीत शिरणं आणखी सोपं जातं.

ही कारणं एकत्र आली की काही ठराविक विषाणू इसबाच्या त्वचेवर वणव्यासारखे पसरू शकतात. सगळे विषाणू नाहीत. दोनच घराणी मुख्य आहेत: हर्पिसचं घराणं आणि देवीचं घराणं.

धुळे जिल्ह्याचा जुना अनुभव

देवीच्या घराण्यातला विषाणू धुळ्यात २०२५ मध्ये पहिल्यांदा आला, असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. त्या काळात कुठेही फोडांचं पुरळ दिसलं की आरोग्य खातं कान टवकारत असे. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यात म्हशींना देवी आल्या आणि माणसांनाही फोड आले. त्याचा तपास झाला आणि १९७७ मध्ये त्यावर दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले, एक प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवर आणि दुसरा साथीच्या प्रसारावर. माणसाची देवी परत आली नव्हती. ही म्हशीची देवी होती. पुढे १९९२ ते १९९६ या काळातल्या महाराष्ट्रातल्या अशाच साथींचा अभ्यास पुण्याच्या संस्थेने केला आणि २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागातही हा आजार माणसांत आढळला.

म्हशीच्या देवीचा विषाणू हा व्हॅक्सिनिया विषाणूचाच जवळचा भाऊबंद आहे. आणि व्हॅक्सिनिया म्हणजे तोच विषाणू, जो देवीच्या लशीत वापरला जायचा. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर जो गोल वण आहे, तो त्याचाच.

ती लस जगातून देवी घालवणारी ठरली, पण तिच्यात जिवंत विषाणू होता. निरोगी माणसाला दंडावर एक फोड यायचा, खपली धरायची, संपलं. इसब असलेल्या मुलाला मात्र तो विषाणू दंडावरून अंगभर पसरण्याचा धोका असे. स्वतः लस न घेताही, घरात लस घेतलेल्याच्या फोडाचा स्पर्श पुरेसा होई. म्हणून इसब असलेल्यांना आणि त्यांच्या घरातल्यांना ही लस टाळावी, असा नियम होता. इसब त्या वेळी शांत असला तरी नियम तोच, कारण वरून बरी दिसणारी त्वचाही आतून पूर्ण बरी नसते.

हा सगळा इतिहास वाटेल, तर २००७ ची घटना पाहा. अमेरिकेतल्या एका सैनिकाला परदेशी रवानगीआधी देवीची लस दिली गेली. रवानगी लांबली आणि तो घरी गेला. घरात इसब असलेला दोन वर्षांचा मुलगा होता. काही दिवसांत मुलाच्या अंगाचा मोठा भाग फोडांनी भरला. त्याला शिकागोत अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं आणि त्या वेळी मंजुरीही न मिळालेलं टेकोव्हिरिमॅट हे औषध विशेष परवानगीने वापरलं गेलं. मुलगा वाचला. आईलाही संसर्ग झाला होता. बापाच्या दंडावर एक फोड होता, एवढंच कारण.

तुमच्या घरी म्हशी असतील तर यातून घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. म्हशीच्या सडांवर, कासेवर फोड किंवा खपल्या दिसल्या तर हाताला इसब असलेल्या माणसाने ती म्हैस पिळू नये. दुसऱ्याने पिळावी, हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पशुवैद्यकाला दाखवावं. दूध पिळणाऱ्याच्या बोटांवर फोड आले असतील तर ते झाकावेत आणि इसब असलेल्या मुलाला त्याच हातांनी तेल लावू नये. दूध उकळूनच प्यावं, हे तर आपण करतोच.

लम्पीची आठवण इथे निघणारच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातली त्या वर्षीची लम्पीची साथ जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, चिनावलला सुरू झाली. तेव्हाही इसबाच्या रुग्णांना भीती वाटली होती. लम्पीचा विषाणू देवीच्या दूरच्या नात्यातला असला तरी तो माणसाला होत नाही, इसब असो वा नसो. गुरांची सेवा करताना अंगावरच्या चट्ट्यांना शेण, मूत्र, गोमाशा यांचा त्रास होईल, तो वेगळा. लम्पी होणार नाही.

मग एमपॉक्सची भीती किती बाळगायची?

जागतिक आरोग्य संघटनेने एमपॉक्सबाबत दोनदा आणीबाणी जाहीर केली, जुलै २०२२ मध्ये आणि ऑगस्ट २०२४ मध्ये. दुसरी आणीबाणी सप्टेंबर २०२५ मध्ये उठवली गेली, म्हणजे धुळ्याची बातमी येण्याच्या आधीच. आजार संपलेला नाही, पण तो करोनासारखा हवेतून गावभर पसरणारा नाही. रुग्णाच्या फोडांशी, त्याच्या अंथरूण-टॉवेलशी जवळचा संपर्क, लैंगिक संबंध, एका घरात दाटीने राहणं, अशा वाटांनी तो पसरतो. बाजारात, एस.टी.त शेजारी बसल्याने होण्याची शक्यता फार कमी.

इसब असलेल्यांना तो झाला तर तीव्र होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ॲटोपिक डर्माटायटिस असलेल्यांना जास्त काळजी घ्यायच्या गटात ठेवलं आहे. याचा अर्थ असा: तुम्हाला तो सहज होईल असं नाही, पण संपर्क आलाच तर वाट पाहत बसू नका. घरात कुणी बाहेरदेशातून आलं, त्याला ताप आहे, गाठी सुजल्या आहेत, फोड आहेत, तर इसब असलेल्या व्यक्तीला वेगळ्या खोलीत झोपवा, टॉवेल-चादरी वेगळ्या ठेवा आणि त्या पाहुण्याला धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात न्या. नमुना तिथून पुढे जातो.

एक जुना गैरसमज इथे दूर करायला हवा. "इसब असलेल्यांना एमपॉक्सची लस चालत नाही" हे देवीच्या जुन्या लशीबद्दल खरं होतं. हल्ली एमपॉक्ससाठी जी एमव्हीए-बीएन लस मुख्यतः वापरली जाते, तिच्यातला विषाणू माणसाच्या शरीरात वाढू शकत नाही आणि इसबाच्या रुग्णांत तिची चाचणीही झालेली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती बनवण्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला मूळ कंपनीशी करार केला. सर्वसामान्यांनी आज ती घ्यायची गरज नाही.

घरातला विषाणू

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. माझ्या मते इसबाच्या कुटुंबांनी एमपॉक्सच्या बातमीतून एकच धडा घ्यायचा असेल तर तो हर्पिसचा घ्यावा.

ताप येऊन गेल्यावर किंवा उन्हात फिरून आल्यावर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात, झोंबतात, आठवड्याभरात खपली धरून जातात. "अंगातली उष्णता बाहेर पडली" म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. तो हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात त्याचा पहिला प्रकार वस्तीला असतो. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही.

तोच विषाणू इसबाच्या त्वचेवर पडला की कधी कधी एक्झिमा हर्पेटिकम हा आजार होतो. १८८७ मध्ये व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ कापोझी यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणजे आजार नवा नाही. ॲटोपिक डर्माटायटिसच्या शंभर रुग्णांत तिघांपेक्षाही कमी जणांना तो होतो. पण ज्यांना होतो, त्यांच्यासाठी तो तातडीचा आजार आहे. डोळ्यात गेला तर बुबुळावर कायमचा डाग राहू शकतो. रक्तात, मेंदूपर्यंत पोहोचला तर जीव धोक्यात येतो. ज्यांचा इसब लहान वयात सुरू झाला, तीव्र आहे, चेहऱ्या-मानेवर आहे, ज्यांना दमा किंवा अन्नाची ॲलर्जीही आहे, त्यांना याचा धोका जास्त.

तो ओळखायचा कसा? इसब असलेल्या आईवडिलांना मुलाची त्वचा डॉक्टरपेक्षा चांगली माहीत असते. "नेहमीसारखं नाही" असं तुम्हाला वाटलं तर त्या वाटण्याला किंमत द्या. इसब नेहमी खाजतो, हे दुखतं. मूल खाजवायचं थांबतं आणि हात लावू देत नाही. एक-दोन दिवसांत एकसारख्या आकाराचे, बाजरीच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे फोड झुपक्याने उठतात, मग फुटतात आणि त्या जागी गोल खड्डा राहतो, जणू कुणी बारीक पंचाने कागद पाडावा तसा. त्यावर रक्ताळलेली काळपट खपली. सोबत ताप, मरगळ, मानेतल्या गाठी. जिवाणूंमुळे चिघळलेल्या इसबावर मधासारखी पिवळी खपली असते. पण दोन्ही एकत्रही असतात, म्हणून खपलीचा रंग पाहून घरी निकाल लावू नका.

हाच आजार दिसला की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक, "इसब बळावला" म्हणून घरातली जुनी स्टेरॉइडची ट्यूब जास्त चोळली जाते. दुसरी, "कांजण्या आल्या, देवीचं आहे" म्हणून अंघोळ बंद, औषध बंद, लिंबाच्या पाल्यावर झोपवायचं आणि सात-नऊ दिवस वाट पाहायची. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पूजा करा, पण गाडीही काढा. या आजारात वाट पाहायला वेळ नसतो. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांमध्ये दाखल झालेल्या तेराशेहून अधिक मुलांच्या २०११ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की ॲसायक्लोव्हिर हे औषध सुरू व्हायला जितके दिवस उशीर, तितका रुग्णालयातला मुक्काम लांबला.

औषध आहे, जुनं आहे, स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतं. थोडा आजार असेल तर गोळ्या किंवा पातळ औषध, ताप असेल, मूल लहान असेल किंवा चट्टे पसरले असतील तर शिरेतून. किती आणि किती दिवस, हे वजन आणि मूत्रपिंडाचं काम पाहून डॉक्टर ठरवतील. ॲसायक्लोव्हिरचं मलम मिळतं, पण पसरलेल्या आजारात नुसतं मलम लावणं म्हणजे शेताला आग लागली असताना तांब्याने पाणी मारणं. डोळ्याच्या पापणीवर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील, डोळा लाल असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून टाकू नका. रात्र झाली म्हणून सकाळची वाट पाहू नका, चोपडा-शिरपूर-साक्रीहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला वेळ लागतो, तो धरूनच निघा.

प्रतिबंध म्हणाल तर थोडं कडू बोलावं लागेल. बारशाला, जावळाला, लग्नात प्रत्येक जण बाळाचा पापा घेतो. ओठावर फोड आलेल्या मावशीला, आत्याला, आजोबांना "आज नको" म्हणणं आपल्याकडे अवघड जातं. इसब असलेल्या बाळाच्या आईला ते म्हणता येत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसाने म्हणावं. फोड कोरडा पडेपर्यंत पापा नाही, एका ताटात जेवण नाही, एक टॉवेल नाही. आईच्याच ओठावर फोड असेल तर तिने तोंडावर रुमाल बांधावा, हात धुवावेत, अंगावर पाजणं चालू ठेवावं. स्तनावर फोड असतील तर मात्र त्या बाजूने पाजू नये.

बाकीचे पाहुणे

पावसाळ्यात शाळा-अंगणवाड्यांतून हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार येतो. त्यातला कॉक्सॅकी ए-६ हा विषाणू इसबाच्या जागा निवडून तिथेच फोड उठवतो. दिसायला हर्पिससारखाच भयंकर, पण बहुधा आपोआप बरा होतो. काही आठवड्यांनी नखं सुटतात, ती परत येतात. दोन्हींतला फरक घरी करता येत नाही, म्हणून दाखवायलाच हवं.

मोलस्कम हे मोत्यासारखे चकचकीत, मधोमध खळी असलेले दाणे. हाही देवीच्या घराण्यातलाच, पण सौम्य. इसबाच्या मुलात खाजवून खाजवून पसरतो, महिनोन्‌महिने राहतो आणि शेवटी स्वतःच जातो. सुईने फोडू नका, चुना लावू नका. भोवतालचा इसब शांत ठेवला की पसरणं कमी होतं.

कांजण्यांत इसबाच्या मुलाला जास्त फोड आणि जास्त चिघळणं होऊ शकतं. त्यावर लस आहे, सरकारी मोफत यादीत नाही, खासगीत मिळते. जमत असेल तर द्या. गोवर-रुबेलाची लस तर मोफत आहे, नवव्या महिन्यात आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास. २०२२ च्या अखेरीस शेजारच्या मालेगावात गोवराने काय केलं, ते आपण पाहिलं आहे. "अंगावर इसब आहे, म्हणून लस नको" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. मूल पोटातून स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन किंवा तत्सम औषध घेत असेल तरच जिवंत विषाणूच्या लशीआधी डॉक्टरांना विचारा.

औषधाची भीती आणि औषधाचा अतिरेक

वरचं वाचून कुणी म्हणेल, स्टेरॉइड मलम प्रतिकारशक्ती दाबतं, मग तेच बंद करू. हे उलटं पडतं. इसब पेटलेला असतो तेव्हाच भिंत सर्वांत जास्त फुटलेली असते आणि पारडं सर्वांत जास्त झुकलेलं. योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, ठरलेले दिवस लावून इसब शांत केला तर विषाणूला आत यायला जागाच कमी राहते. एक्झिमा हर्पेटिकमच्या बहुतेक रुग्णांत आधीचे काही आठवडे इसब नीट आटोक्यात नव्हता, असं आढळतं.

अडचण वेगळ्याच मलमाची आहे. आपल्याकडे दुकानात "खाजेची ट्यूब" मागितली की तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब मिळते. सरकारने २०१८ मध्ये १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. ट्यूब तरी मिळतेच. तीच ट्यूब आजी गजकर्णाला लावते, सून काळ्या डागाला आणि नातवाच्या गालावरच्या इसबालाही. त्वचा पातळ होते, गजकर्ण पसरतं आणि नवे फोड आले तर त्यांचं खरं रूप झाकलं जातं. आज घरातल्या डब्यातल्या ट्यूब काढा आणि पुढच्या भेटीला सगळ्या घेऊन जा.

मोठ्यांसाठी आणखी एक सूचना. गेल्या काही वर्षांत टोफासिटिनिबसारख्या गोळ्या इसबासाठी दिल्या जाऊ लागल्या आहेत. त्या जॅक-इनहिबिटर गटातल्या. काही जणांना खूप फायदा होतो, पण या गटात हर्पिस आणि नागीण वाढण्याचा धोका आहे. डुपिलुमॅब हे इंजेक्शन इंटरल्युकिन-४ आणि १३ यांचंच काम अडवतं आणि त्याच्या चाचण्यांत एक्झिमा हर्पेटिकम वाढला नाही, उलट कमी दिसला. वर सांगितलेल्या पारड्याची गोष्ट आठवली तर हे का, ते कळेल. त्याची किंमत मात्र आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणजे गोळ्या सुरू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण नवे दुखरे फोड दिसले की त्याच दिवशी फोन करा आणि गोळीचं नाव सांगा.

रोजची काळजी महाग नाही. कोमट पाण्याची पाच-दहा मिनिटांची अंघोळ, घासणी-वजरी नाही, अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको. उन्हाळ्यात जेलीने घाम कोंडत असेल तर हलकं लोशन. शेतात फवारणी, कापूस वेचणी, केळीच्या चिकाचं काम करून आल्यावर लगेच हात-पाय धुवून पुन्हा लावा. डब्यात बोटं बुडवू नका, चमच्याने काढा. मुलाची नखं रविवारी कापा आणि इसब शांत असताना त्याचा एक फोटो मोबाईलवर काढून ठेवा. रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरसमोर बसलात तर "हे नेहमीसारखं नाही" हे दाखवायला तो फोटो उपयोगी पडेल.